उभं गवत

कुसळ अर्ध्याहून अधिक आत गेलं होतं. लुंगीच्या गुडघ्यापाशी, दोन धाग्यांच्या मधून, पीळ घेत घेत ते असं शिरलं होतं की तुळशीला आधी वाटलं सूतच उसवलंय. नखात धरून ओढलं तेव्हा काळं टोक बाहेर आलं आणि तिच्याच बोटाला टोचलं. काय जात असते एकेकाची... एवढीशी काडी, पण जरा दमट हवा लागली की आपणहून गरगरते आणि जे सापडेल त्यात घुसते – कापडात, कातडीत, बकऱ्यांच्या तोंडात. तिनं ते तळहातावर घेतलं आणि धुण्याची बादली खाली ठेवली. होळीच्या आदल्या दिवशी लकवा मारल्यापासून हरिचंद्र घराबाहेर पडला नव्हता, आणि आता दिवाळीसुद्धा होऊन गेली होती. मग नवऱ्याच्या लुंगीला माळावरचं कुसळ लागलं कुठून?

माझ्याच पदरातून आलं असणार, आणखी कुठून येणार, असं म्हणून तिनं ते न्हाणीच्या चुलीत टाकलं.

खाटेवरून एकदा पडला तेव्हापासून त्याची गादी जमिनीवरच होती, मागच्या दारासमोर, म्हणजे वारा लागावा आणि माळ दिसावा. दारापलीकडे एक पायरी, आणि पायरीला लागूनच गवत. छातीला लागेल एवढं, वरून तांबूस, बुडाशी अजून थोडं हिरवं. मग उतार, आणि उताराच्या शेवटी मांजर्लीकडच्या इमारतींच्या गच्च्यांवरच्या काळ्या टाक्या. नदी इथून दिसत नव्हती. पावसात तीच भेटायला यायची. हरिचंद्र दिवसभर त्या गवताकडे तोंड करून पडलेला असायचा. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ गेली होती. उरला होता तो डावा हात, आणि एक आवाज – ‘हं’. तो हो म्हणतोय की नाही, हे त्या आवाजावरून कळायचं नाही. डावा हात मात्र सारखं काहीतरी पकडत राहायचा... चादर, तिचा पदर, रिकामी हवा. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून धर्मेश व्यायाम करून घ्यायला यायचा, त्यानं एक रबरी चेंडू दिला होता दाबायला. हरिचंद्र तो चेंडू घेऊन भिंतीकडे टाकून द्यायचा आणि पुन्हा चादर पकडायचा. ‘काका कोऑपरेट नाही करत, काकी,’ धर्मेश म्हणायचा, आणि ती खाली बघून हसायची, जणू शाळेतून पोराची तक्रार आलीय.

तिनं त्याला पेज भरवली, तोंड पुसलं, टीव्ही लावला, मागचं दार सताड उघडं ठेवलं आणि भाजीची पाटी घेऊन बाजाराला निघाली. जाताना ‘येते हां’ असं हळूच म्हणाली. सगळं हळूच चालायचं अलीकडे.

वळणावर गोदूबाई भेटली. पाड्यातली सगळ्यांत जुनी बाई. तिला चुकवून जायचं तर नदीतूनच जावं लागलं असतं.

“तुळशे, तुजा गवत उभाच गो अजून?”

“व्हय मावशी.”

“आमी म्हनला, घरात काय झाला तं नाय ना...” गोदूबाईनं आवाज खाली आणला होता. “हरिचंद्राचा काय कानावर आला नाय, म्हून इचारला हो. वायट नको वाटून घेव.”

वाईट वाटलं नाही. पाटी सावरत ती उतार उतरली. पाड्याची रीतच होती ती. ज्या घरचं माणूस गेलं, त्या घरचं गवत त्या साली कोणी कापायचं नाही. ते उभं राहायचं, पांढरं पडायचं, चैत्रात कधीतरी जळून जायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारावं लागायचं नाही, माळ बघूनच तो आवाज खाली आणायचा. सासरा, आण्णा, गेला त्या साली तुळशी नवी नवरी होती. त्या हिवाळ्यात हरिचंद्रानं मागच्या दाराला कडी घातली ती थेट चैत्रापर्यंत काढली नाही. ‘माळ बघत बसतो आपल्याकडं,’ तो म्हणाला होता. एवढा दांडगा गडी, विळा घेऊन बसला की चार माणसांचं काम एकटा उरकणारा, आणि दार उघडायला भ्यायचा... तेव्हा तिला हसू आलं होतं. पदर तोंडाला लावून हसली होती मी.

आता हे कोणाकोणाला सांगायचं, की उभं गवत ही संस्थेची अट आहे? श्रावणात त्या संस्थेची जिज्ञासा नावाची मुलगी आली होती, पाठीला पिशवी, पायात मोठे बूट, बोलायला गोड. माळ राखायचे पैसे मिळतील म्हणाली – डिसेंबर संपेपर्यंत कापायचं नाही, गुरं सोडायची नाहीत, जाळ लावायचा नाही, रानमोडीचं तण माजलं तर तेवढं हातानं उपटायचं. बी पडू दे, गवतातल्या पाखरांची पिल्लं उडू दे, असे माळ आता उरलेच कुठे काकू, सगळीकडे मुरूम टाकून प्लॉट पाडलेत. खरंच होतं. आणि त्याहून खरं हे होतं की कापणार कोण? पोरगा कमलेश बायकोला घेऊन मोरिवलीला, कंपनीच्या जवळ. मजूर मिळत नाहीत. आणि धर्मेशला, गोळ्यांना काहीतरी लागायचंच. त्या पैशांवरच धर्मेश येत होता. कागदावर अंगठा हरिचंद्राचा हवा होता. तिनं त्याचा डावा अंगठा शाईत धरला आणि दाबला. कशाला दाबतोय ते त्याला सांगायचं... सांगीन म्हटलं सावकाश. त्याला सगळं कळतंय, असं डॉक्टर म्हणाले होते. पण ज्याला उत्तर देता येत नाही त्याला माणूस हळूहळू सांगेनासंच होतं.

म्हणजे दिवाळी आली, गेली, विळे घासले गेले नाहीत, कोणी काही बोललं नाही, आणि तो दारातून त्या गवताकडे बघत पडलाय. काय समजला असेल तो?

हा विचार तिला बाजारात, मेथीच्या जुड्या लावताना, पहिल्यांदाच असा समोरून आला, आणि तिनं तो गिऱ्हाइकासारखा थोपवून धरला. तेवढ्यात फोन वाजला. मुकेश सेठ, कॅम्प पाचचा, दरवर्षी टेम्पो भरून गवत तबेल्यांना नेणारा.

“भाभी, माल का क्या हुआ? टेम्पो पाठवू का?”

“यंदा नाय सेठ. यंदा कापाचाच नाय.”

मग सेठचाही आवाज उतरला. “हरीभाई... ठीक है ना?”

“ठीक हाय,” ती म्हणाली, आणि ते तिचं तिलाच खोटं वाटलं.

परत आली तेव्हा तो डोळे मिटून पडला होता. कपाळावर घाम होता, श्वास जड. तिनं कपाळ पुसलं, उकडत असेल म्हणून पंखा वाढवला. मग दुपारभर माळावर फिरून रानमोडी उपटली. तिला हे काम आवडायचं, कबूल करायला नको पण आवडायचं. छातीपर्यंत गवतात उभं राहायचं, आजूबाजूला सरसर आवाज, पायाजवळून एखादी लाव्ही फडफडत उडायची. माळ इतका सुंदर तिनं कधी पाहिला नव्हता, कारण इतका वेळ तो कधी उभाच राहू दिला नव्हता. पण मग वारा आला की सगळं गवत एका अंगाला लवायचं आणि मागचं दार, दारातली गादी, गादीवरचा तो आडवा आकार उघडा पडायचा, आणि तिला वाटायचं, आपण इथं उभं राहून कोणाला बघतोय?

उन्हं कलताना जिज्ञासा आली. मोबाईल धरून माळाच्या कडेनं फोटो काढत चालली, मध्येच थांबून पाखरं ऐकली, खूश होती. “काकू, तुमचा माळ बेस्ट आहे, मी ऑफिसात सगळ्यांना दाखवते.” तुळशीला बरं वाटलं. मग दोघी घराच्या मागच्या अंगाला आल्या, आणि मुलगी थांबली.

“हे काय झालं इथे?”

पायरीच्या खाली, अगदी लागून, घोंगडीएवढी जागा मोकळी होती. समोरच्या गवताच्या आडोशाला ती माळावरून दिसायची नाही, आणि दारातून खाली वाकून तुळशीनं कधी बघितलं नव्हतं. गवत कापलेलं नव्हतं, उपटलेलं होतं. काही ठिकाणी मुळांसकट, काही ठिकाणी अर्ध्यातून तुटलेलं.

“गुरं शिरली होती का?”

गुरं गवत ओढतात आणि चालू लागतात. गुरं ते ओळीनं आडवं ठेवत नाहीत, सगळे तुरे एका बाजूला, सगळी बुडं एका बाजूला. आणि दोन मुठी एकत्र करून त्यांना गवताच्याच काडीचा वेढा द्यायचा प्रयत्न तर मुळीच करत नाहीत – तो वेढा सैल होता, एका हातानं दिलेला, गाठ बसली नव्हती. पायरीवर मातीतून काहीतरी घसटत गेल्याचा पट्टा होता. तुळशीला सगळं एकदम दिसलं आणि मग एकेक करून दिसलं. लुंगीचं कुसळ. कपाळावरचा घाम. आणि तो हात... गवत कापताना उजव्या हातात विळा असतो आणि डावा हात मूठ धरतो. धरतो, सोडतो, पुढची धरतो. एवढे महिने तो डावा हात आपलं काम करत होता आणि आम्ही त्याला चेंडू देत होतो.

“काकू?”

दार उघडं होतं. दारातून गादीचं टोक दिसत होतं, त्याचे पाय दिसत होते. यांनी उपटलंय, एवढंच म्हणायचं होतं. माझ्या मालकानं. पण तसं म्हटलं की अट मोडली, घरच्याच माणसानं मोडली, मग पैसे बंद, आणि उद्यापासून धर्मेश बंद...

“व्हय,” तुळशी म्हणाली. “गुरंच असतील.”

पायांची बोटं हलली का? डाव्या पायाची?

जिज्ञासानं सुस्कारा टाकला. तिनं फोटो काढला नाही. चांगली होती मुलगी. “या वेळी मी सोडते. पण परत असं दिसलं तर मला वर कळवावंच लागेल, काकू. ही बाजू बंद करून घ्या.” मग ती पाणी पिऊन, पायातली कुसळं काढून गेली.

तुळशी आत आली. तो जागा होता. तिच्याकडे बघत नव्हता, दाराकडे बघत होता, आणि डावी मूठ छातीवर घट्ट मिटलेली होती. ती शेजारी बसली आणि नेहमीसारखी हळूच ती मूठ सोडवायला गेली. सुटेना. बोटांत असा जोर होता की तिचा हात मागं आला. मुठीच्या फटीतून चार काड्या बाहेर डोकावत होत्या.

आणि मग काय झालं ते तिचं तिलाही कळलं नाही. रडू येईल असं वाटलं होतं, आलं ते वेगळंच.

“अवो, काय हो ह्या?” ती ओरडली. “त्या धर्मेशासमोर बोट हलवत नाय, आनि हितं घसटत घसटत खाली जाता? डोका फुटला असता पायरीवर, मंग? मी बाजारात! कोनी बघितला असता तुमाला? मना सांगाचा नाय? सांगता येत नाय त्या कळतंय मना, खूण करता येत नव्हती? त्या गवताचे पैसे मिळतात, पैसे! कोन मेला नाय, कोन मेला म्हून ठेवला नाय त्या उभा... तुमच्याचसाठी ठेवलाय, डिसेंबर संपला की कापनार हाय, समजला का? आनि तुमी मुळांसकट उपटून ठेवता! पेंडी बांधता! बांधताय ती पन धड नाय!”

“हं,” हरिचंद्र म्हणाला.

हा ‘हं’ तिच्या ओळखीचा होता. भाकरी करपलीय म्हटल्यावर, भाव पडलाय म्हटल्यावर, तू गप बस म्हणायच्या ऐवजी तो तोंड फिरवून जो ‘हं’ करायचा, तो. त्यानं तोंड फिरवलंसुद्धा, जेवढं फिरत होतं तेवढं.

ती ओरडायची थांबली. स्वतःचाच आवाज घरात अजून फिरत होता, आणि तो तिला अनोळखी वाटला. शेवटचं कधी ओरडलो होतो आपण? होळीनंतर एकदाही नाही. सगळं हळू, सगळं गोड, येते हां, जेवता ना, पंखा वाढवू का... सुतकाच्या घरात बोलतात तसं. रीत गवतानं पाळली नव्हती, मीच पाळत होते.

तिन्हीसांज झाली. डास यायला लागले म्हणून ती उठली आणि मागच्या दाराशी गेली. कडी हातात घेतली. उद्या बाजाराला जायचंच होतं. दार उघडं ठेवलं तर हा पायरी उतरणार, घोंगडीएवढी मोकळी जागा सतरंजीएवढी होणार, आणि त्या मुलीला वर कळवावं लागणार. कडी घातली तर... आण्णाच्या सालचा तो हिवाळा, काळोखी घर, दारामागं उभा माळ. या वेळी दाराच्या आत कोणाला कोंडायचं? बाहेर वाऱ्यानं गवत लवलं, आणि पायरीखाली त्यानं आडवं ठेवलेलं, ओळीनं ठेवलेलं, सैल पेंडीचं गवत जागच्या जागी राहिलं.

मागून गादीवर मूठ आपटली. मग पुन्हा.

“ऐकला, ऐकला,” ती न वळताच करवादली. “बहिरी नाय झाले मी.”

कडी हातातच होती. राग अजून उतरला नव्हता, आणि इतक्यात तो उतरू नये असं तिला वाटत होतं. मेलेल्या माणसाचा असा राग येत नाही.