पाठमोरे

कारागिराने पुतळ्याचा मेणाचा नमुना टेबलावर गर्रकन फिरवला.

"पाठ कशी होती त्यांची?"

सासूबाईंनी मांडीवरची पर्स सरळ केली. सुनेने कडेवरच्या लेकीचा हात पुन्हा ताटलीतून मागे ओढला. ताटलीत सासरे सुटे सुटे पडले होते. कोटासाठी गडद निळा दगड, केसांसाठी करडा अकीक, चेहऱ्यासाठी फिकट गुलाबी. प्रत्येक भाग वेगळा कोरायचा आणि शेवटी जोडायचा. यातून माणूस कसा उभा राहतो, याचं तिला राहून राहून नवल वाटत होतं.

"फोटो सगळे समोरूनच आहेत," ती म्हणाली. "आमचे हे म्हणाले, मागून कोण बघतंय?"

"फोटोला भिंत असते, ताई. याच्याभोवती माणूस फिरून येणार." कारागीर हसला. "अंदाजाने कोरेन. पण या रंगाचा दगड एवढाच आहे, आणि घासलेलं परत चिकटत नाही. चुकलो, तर मागून भलताच कुणी उभा राहील तुमच्या घरात."

सासूबाई उठल्या. पर्स सुनेकडे दिली, हात पाठीमागे बांधले आणि डावा खांदा पाडून दारापर्यंत चालत गेल्या. तिथे थांबल्या. वळल्या नाहीत, गालाची कड दिसेल इतकीच मान उजवीकडे केली.

"एवढीच. याहून जास्त कधी नाही."

"बरं लक्षात आहे तुमच्या," कारागीर म्हणाला.

"न राहायला काय झालं? जन्मभर आपले पुढे. हाका मारून घसा बसायचा माझा. पण कोपऱ्यावर असे थांबायचे, मी येतेय ना बघायला. बघतोय असं दाखवायचं मात्र नाही."

कारागिराने मेणाची मान हलकेच वळवली.

"अजून किंचित... बास."

"आणि चेहरा?"

"चेहऱ्याचं तुम्ही फोटोत बघा."

बाहेर पडल्यावर सुनेने लेकीच्या तोंडात बोट फिरवून पाहिलं. खडा नव्हता.

पुतळा घरी आला. नवऱ्याने तो कपाटावर मांडला, चेहरा खोलीकडे करून. सकाळी पाहतो तर पाठमोरा.

"आईपण ना," म्हणत तो फिरवायला गेला.

"राहू दे," सून म्हणाली.

तेवढ्यात सासूबाई भाजीची पिशवी घेऊन, गुडघा धरत आत आल्या. कपाटापाशी पोचल्यावर, न थांबता, जराशा वैतागूनच म्हणाल्या,

"आले, आले."