उभ्या भाताचं तीर्थ

या, जरा पुढं सरकून बसा. टाळ खाली ठेवा. नामात गोडी आहे म्हणूनच एक कडू गोष्ट सांगायची आहे.

चौऱ्याऐंशी सालचा भादवा. पालीपलीकडच्या वाडीत दर्यानाथ महाराजांच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. आदल्या दसऱ्याच्या वादळी पावसात सगळ्यांचं भात आडवं होऊन चिखलातच रुजलं, आणि महिपतचा मळा तेवढा ताठ उभा! त्या मळ्यावर महाराजांनी तीर्थ शिंपडलं होतं.

"महाराजानू, तीर्थाला मासळीचा वास कसा ओ?" महिपतनं विचारलं.

"अरे खुळ्या, मत्स्यावतार कुठल्या पाण्यात झाला? भाव असेल त्याला चंदन, नसेल त्याला बांगडा!"

मांडव खदाखदा हसला. महिपतच्या शेजारची राही हसली नाही. तिच्या कडेवर पाच वर्षांची चिमा होती, पोलिओनं दोन्ही पाय लुळे पडलेली. आडवं पडणारं भात उभं राहतं, मग माझी पोर का नाही?

महाराजांकडून शेतासाठी मिळालेली तीर्थाची बाटली तिनं घरी देवापुढं ठेवली, दिवा लावला.

"हात पुढं कर गो बाय."

चिमा प्यायली. तोंड वाकडं झालं. "आये, कडू हाय."

"देवाचं हाय. आनीक घे."

थोड्याच वेळात पोरीची लाळ गळू लागली, अंग घामानं निथळलं, श्वास अडकला. महिपतनं तिला उचलून, बाटलीसकट, पालीच्या दवाखान्यात पळवलं. डॉक्टरांनी खूप धडपड केली. चिमा गेली.

डॉक्टरांनी ती बाटली शेतकी अधिकाऱ्यांना दाखवली आणि दुसऱ्या दिवशी राहीला घेऊन थेट मांडव गाठला. महाराजांच्या आसनाखालून लेबलं खरवडलेले डबे निघाले.

"हे पिकाची वाढ रोखणारं औषध," डॉक्टर म्हणाले. "वेळेवर फवारलं की ताटं आखूड आणि जाड होतात, वाऱ्यात लवंडत नाहीत. दुकानात मिळतं. माणसाच्या पोटात गेलं तर विष."

महाराज उसळले, "मी शिंपडायला दिलेलं! या बाईला पाजायला सांगितलं होतं का?"

राहीनं मान वर केली. "तुम्ही तीर्थ म्हनलात, महाराजानू. तीर्थ पितात."



बाबांनो, औषधानं भात खरंच उभं ठेवलं होतं. खोटं होतं ते नाव. औषधाला औषध म्हटलं असतं, तर राहीनं ते पोरीपासून लांब, माळ्यावर टाकलं असतं. म्हणून देवाच्या नावानं कुणी तळहातावर काही ओतलं, तर आधी विचारा, हे काय आहे? विचारल्यानं देव रागावत नाही, विकणारा रागावतो.

आणि घरी गेलात की चिमाला आठवा. आईचं ऐकलं, एवढाच तिचा गुन्हा.