हंसाची अर्धी खेळी

हंसा भोईरनं आयुष्यातला पहिला गोल्फचा चेंडू मारला तो रागानं. वसईजवळच्या जूचंद्रला तिच्या घरामागे चुलत दिरांची भातखाचरं होती. ती कुणीतरी भाड्यानं घेऊन तिथं गोल्फच्या सरावाचं मैदान केलं. एका टोकाला छपराखाली उभं राहायचं आणि समोर चेंडू मारत सुटायचं. त्याला सगळे रेंज म्हणत. जाळी उंच होती, तरी एखादा चेंडू वरून यायचाच. त्या सकाळी एक आला आणि हंसाच्या मेथीच्या वाफ्यात रुतला. तिनं तो उचलून बांधावर ठेवला, पडलेल्या झावळीचा दांडा घेतला आणि असा हाणला की चेंडू जाळीवरून पलीकडे गेला.

पलीकडून सॅमी लोपीस धावत आला. रेंज तोच सांभाळायचा, नवख्यांना शिकवायचाही. आला होता माफी मागायला, पण त्याची नजर दांड्यावर खिळली.

"हा तुम्ही मारला, ताई?"

"मग काय भुतानं मारला?"

"अजून एक माराल?"

तिथून सुरुवात झाली. तेव्हा हंसा पन्नाशीला टेकली होती. मुलगा भूपेश नोकरीला लागला होता, सून रीमा घरात आली होती आणि सकाळच्या भाकऱ्या झाल्या की हंसाला तासभर मोकळा मिळायचा. साडीचा पदर खोचून ती रेंजवर उभी राहायची आणि चेंडू थेट पार टोकाच्या पाटीपर्यंत न्यायची. गावातल्या बाया हसल्या. नवरा हरेश्वर हसला नाही, पण त्यानं फारसं विचारलंही नाही. वालीवला त्याचं रबराचं छोटं वर्कशॉप होतं. बुश, वॉशर, हातगाडीच्या मुठी, असलं काहीबाही तो साच्यातून काढायचा. बायको कुठली काठी फिरवते ते त्यानं एकदाच येऊन पाहिलं होतं आणि "बरी हानतेस" एवढं बोलून तो कामाला गेला होता.

पुढं काही वर्षांनी हंसाची बोटं सकाळी मिटेनाशी झाली. आधी वाटलं, कामानं असेल. मग मनगटं सुजली, कप उचलताना कळ यायला लागली. वसईच्या डॉक्टरांनी तपासण्या करून संधिवात सांगितला. शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं, तो प्रकार. गोळ्या कायमच्या, दुखणं कमी-जास्त होत राहणार.

"आणि खेळ?" रीमानं डॉक्टरांना विचारलं होतं.

"खेळा की. दुखणं वाढेल इतकं मात्र नको."

हंसानं त्यातलं फक्त 'नको' ऐकलं. घरी येऊन तिनं क्लबांची, म्हणजे गोल्फच्या काठ्यांची, बॅग तांदळाच्या पिंपामागे सारली.

हरेश्वरच्या लक्षात आलं ते वेगळंच. रेंजवरून चेंडूचा टक्-टक् आवाज यायला लागला की ही वाफ्यातलं काम टाकून घरात जायची आणि मिक्सर लावायची. वाटायला काही नसलं तरी.

एके दिवशी ती तांदळाच्या भाकरीची उकड मळत होती. गरम पिठात बोटांना जरा बरं वाटायचं. हरेश्वर शेजारी येऊन बसला.

"हंसा, या पिठाची लांब वली कर न दोनी हातांत धर. काठी धरतेस तशी. दुकंल इतकी दाबू नको."

"डोकं फिरलाय का तुमचा?"

"धर तं खरी."

तिनं धरली. मूठ जिथं आपोआप थांबली तिथं पीठ चांगलं जाडजूड राहिलं होतं. हरेश्वरनं खिशातून मापाचा चिमटा काढला, पिठाची जाडी मोजली आणि पिठावर उमटलेली बोटं तशीच ठेवून ते डब्यात घालून वालीवला घेऊन गेला. काठी जितकी बारीक, तितकी मूठ घट्ट आवळावी लागते आणि तितके सांधे बोंबलतात. हातगाडीच्या मुठी बनवणाऱ्याला एवढं कळत होतं.

काठीला बसवायची पहिली रबरी मूठ त्यानं आणली ती दगडासारखी. हंसानं क्लब हातात तोलला.

"यानं मी भात कांडू का?"

दुसरी इतकी मऊ झाली की मारताना क्लबच हातात फिरला आणि चेंडू सॅमीच्या चहाच्या टेबलाखाली गेला. घरी येऊन हरेश्वरनं ब्लेडनं ते रबर सोलायला घेतलं. त्याचं तोंड एवढंसं झालेलं पाहून हंसा म्हणाली, "रंग मातर चांगला आला व्हता."

तिसऱ्या खेपेला आत स्पंज, वर पातळ मऊ रबर आणि बोटं घसरू नयेत म्हणून बारीक रेघा. ती मूठ हातात बसली. सॅमीनं लोखंडी दांडे काढून हलके ग्राफाइटचे लावून दिले, म्हणजे हादरा मनगटापर्यंत चढत नाही. चेंडूही नरम आणले आणि प्रत्येक चेंडू छोट्या खुंटीवर ठेवूनच मारायचा असं बजावलं. पायाखालच्या चटईवर क्लब आपटला की सगळा धक्का हातालाच बसतो.

हे सगळं हंसानं मानलं. अडलं ते स्विंगवर, क्लब फिरवण्याच्या पद्धतीवर. पूर्वी ती दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवायची आणि क्लब पार डोक्यामागे न्यायची. सॅमी म्हणाला, "आता दहाही बोटं शेजारी शेजारी. क्लब कमरेच्या जरा वर, बस. टाच उचला, कंबर वळवा, जोर तिथून येऊ द्या."

"न चेंडू कुटवर जाल?"

"आधीएवढा नाही जाणार, ताई."

"हा काय झाडू मारायचाय मना?" हंसा म्हणाली.

दोन-तीन आठवडे तिनं कुरकुरत तसंच मारलं. मग एक सकाळ अशी आली की हात अजिबात दुखत नव्हते. तिनं आजूबाजूला पाहिलं. सॅमी फोनवर होता. तिनं क्लब पूर्वीसारखा डोक्यामागे नेला आणि सोडला. चेंडू टोकाच्या पाटीवर आदळला. मग दुसरा, मग तिसरा, मग चेंडूंची अख्खी बादली. घरी ती गाणं गुणगुणत आली.

दुसऱ्या दिवशी तिला पेलासुद्धा धरवेना. रीमा कामाला गेली होती, म्हणून हरेश्वरनं कंगवा घेतला आणि तिची वेणी घालायला बसला. आयुष्यात त्यानं कधी वेणी घातली नव्हती. तीन पेडांचं काय करायचं ते त्याला उमगेना, म्हणून त्यानं दोरखंडासारखा पीळ दिला. हंसा पाठमोरी बसली होती, तरी ती रडतेय हे त्याला खांद्यांवरून कळलं.

"मी खेलायची नाय आता," ती म्हणाली. "आर्धामुर्धा मना नाय जमत. हानला तं पुरा हानाचा, नाय तं नाय."

हरेश्वरनं पिळाच्या टोकाला रबरबँड लावला.

"सॅमीला इचारला मी. दोगांनी मिलून एक चेंडू खेलायचा खेल हाय. एक तू हानायचा, एक दुसऱ्यानं. आर्धे फटके, आर्धा तरास."

"न दुसरा कोन?"

"मी."

हंसा वळली. डोळे ओले होते तरी तिला हसू आलं. "तुमी? तुमाला काठी कुटली बाजू वर ते तरी कलतं का?"

"मंग शिकव."

हातांची सूज उतरल्यावर तिनं त्याला रेंजवर नेलं. पहिल्या फटक्यात हरेश्वरनं चेंडू सोडून बाकी सगळं मारलं. दुसऱ्यात चटई सरकली. तिसऱ्यात तो स्वतःच गोल फिरून सॅमीकडे तोंड करून उभा राहिला. हंसा खुर्चीत बसून पोट धरून हसत होती. मग उठली. "ताकद नका लावू. बगा माझ्याकडं." तिनं क्लब हळूच कमरेपर्यंत नेला आणि कंबर वळवत आणला. "हां असा. परत बगा." त्याला दाखवायचं म्हणून ती पुन्हा पुन्हा तसाच सावकाश मारत राहिली. आपला चेंडू कुठं जातोय इकडे तिचं लक्षच नव्हतं. ते सॅमीचं होतं.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "जरा समोर बघा."

तिचे चेंडू मैदानाच्या मध्यावर, एका घोळक्यात, अंगणात धान्य टिपणाऱ्या कोंबड्यांसारखे पडले होते. पूर्वी ती लांब मारायची, पण तेव्हा चार चेंडू चार दिशांना जात. हंसा बराच वेळ बघत राहिली. "झाडू बरा चाललाय म्हनायचा," ती म्हणाली.

जानेवारीत सॅमीनं त्यांचं नाव जोडप्यांच्या सामन्यात घातलं. मुंबईपलीकडे नऊ होलचं, म्हणजे नऊ खड्ड्यांचं, मैदान होतं. हंसानं पंजाबी ड्रेस घातला, पायात कॅनव्हासचे बूट. हरेश्वरनं इस्त्रीची पँट घातली आणि बॅग खांद्यावर न घेता चाकांच्या गाडीवर ओढत नेली. थंडीत बोटं आखडू नयेत म्हणून थर्मासात गरम पाणी होतं आणि एक टॉवेल.

हरेश्वरचा पहिलाच चेंडू तळ्यात गेला. दुसरा झुडपात. हंसा झुडपापाशी गेली, मान तिरपी करून वाट शोधली आणि नेमका दोन फांद्यांमधून चेंडू बाहेर काढला. पुढचं सगळं असंच. तो घालवायचा, ती आणायची. तो दरवेळी "चुकला गं" म्हणायचा आणि ती दरवेळी "चुकू दे, मी हाय" म्हणायची. पुढच्या जोडीतली बाई एकदा वळून म्हणाली, "तुमचे मिस्टर किती शांत आहेत हो." हंसा म्हणाली, "त्यांना बोलाया तोंड कुटं हाय?"

सहाव्या होलला तिची मनगटं गरम झाली. पूर्वीची हंसा असती तर तिनं दात आवळून रेटलं असतं आणि रात्री उशीत तोंड खुपसलं असतं. हरेश्वर तिच्याकडे पाहत होता, पण त्यानं विचारलं नाही.

"दुकतंय," ती आपण होऊन म्हणाली. "बसूया जरा."

ती दोघं झाडाखाली बसली. मागच्या जोड्यांना त्यांनी पुढं जाऊ दिलं. टॉवेल गरम पाण्यात बुडवून हरेश्वरनं तिच्या हातांवर गुंडाळला आणि वर आपले हात ठेवले. त्याच्या तळव्यांना रबराचा वास कायमचाच होता. समोर गवतावर दोन टिटव्या ओरडत चालल्या होत्या. कुणालाच घाई नव्हती.

नंतरचे तीन होल त्यांनी सावकाश खेळले. आठव्याला हरेश्वरचा एक चेंडू खरोखर सरळ गेला. तो एवढा हबकला की हंसालाच त्याला हलवून पुढं न्यावं लागलं. शेवटच्याला त्यानं चेंडू खड्ड्याच्या अगदी तोंडाशी आणून ठेवला आणि तिनं तो हलकेच आत ढकलला.

निकालात ती दोघं शेवटून दुसरी आली. शेवटची जोडी मध्येच भांडून घरी गेली होती.

दुसऱ्या सकाळी हंसाची बोटं नेहमीसारखीच हळूहळू मिटली. दुखत होती, पण रोजच्यापेक्षा जास्त नाही. हरेश्वर वालीवला निघायच्या आधी चहा घेत बसला होता.

"मना पन एक मूठ बनवाया लागंल," तो म्हणाला.

"का? तुमचा हात दुकतो?"

"हात नाय. आबरू दुकते."

हंसानं त्याच्या बशीत अजून थोडा चहा ओतला आणि सॅमीला पुढच्या सामन्याचं विचारायला रीमाचा फोन मागितला.