शेवटून पुसत जा

मित्रांनो, मी एक जुनी संख्या आहे. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. नाव घेताना धाप लागते ना? छत्र्या, घड्याळे आपली जन्मकथा ऐटीत सांगतात. मला ना कारखाना, ना कारागीर. कुणी मोजायला शिकले त्याआधीही मी होतेच. पण माझे कौतुक केले ते एका गणिताच्या मास्तरांनी, म्हणून मी त्यांनाच आपले माणूस मानते.

दरवर्षी पहिल्याच तासाला मास्तर मला फळ्यावर लिहीत: ७३९३९१३३. मी मूळ संख्या, म्हणजे एक आणि मी स्वतः सोडून मला कुणाचाच पुरता भाग जात नाही. मग ते शेवटचा अंक पुसायला लावत. उरलेल्या संख्येलाही भाग जात नसे. आणखी एक पुसला, तरी नाही. मुले घामाघूम होत आणि अखेर फळ्यावर एकटा सात उरे. तोही मूळच. अशी खोड असलेली माझ्याहून मोठी संख्या नाही, हे मी जरा मिरवूनच सांगते.

एकदा मास्तरांच्याच मुलीने घाईत शेवटच्या तीनऐवजी पुढचा सात पुसला. लगेच अकराने भाग गेला. वर्ग खदखदून हसला. मास्तर एवढेच म्हणाले, "शेंडा खुडावा गं, बुंध्याला हात लावू नये." तेव्हापासून तिचा आणि गणिताचा छत्तीसचा आकडा.

पुढे मास्तर निवृत्त झाले आणि त्यांच्या आठवणींना गळती लागली. रोज त्यांच्याकडून पाठ असलेले काहीतरी म्हणवून घ्या, असे डॉक्टरांनी मुलीला सांगितले. मास्तर मला आठवून म्हणत आणि ती पाटीवर लिहून घेई. आधी शेवटचा तीन गेला. मग त्याच्या आधीचा. मुलगी गेलेले अंक मोजी, रागावून पुन्हा पुन्हा म्हणायला लावी. मास्तर ओशाळून भिंतीकडे बघत. मला दोघांचीही फार दया येई.

एका दुपारी ते सात, तीन, नऊ एवढेच म्हणाले आणि थांबले. "पुरे झालं बाबा," ती म्हणाली. "आता उरलंय काय?" तिने पाटी कपाटावर टाकून दिली. कित्येक आठवडे मी तिथे धूळ खात पडले. आता आपल्याला कुणी विचारणार नाही, असेच मला वाटले.

मग एक दिवस औषधांच्या वेळा लिहायला तिने पाटी खाली काढली. मास्तरांनी ती ओढून घेतली. अंगठ्याने नऊ पुसला, मग तीन पुसला आणि सातावर बोट ठेवले.

"शेवटून पुसलंय गं. बघ भागून."

मुलगी त्यांच्या पायाशी बसून खूप रडली. दुसऱ्या दिवसापासून तिने गेलेले अंक मोजणे सोडले. ते म्हणतील तेवढे ती लिहिते, भागायला बसते आणि हरते. मास्तर खुशीत मान डोलावतात.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी विसरू लागले, तर काय गेले ते मोजत बसू नका. जे उरले आहे, त्याच्याजवळ बसा.

परवा मास्तरांनी मुलीकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "कुणाच्या वर्गातली गं तू?"

"तुमच्याच," ती म्हणाली आणि तिने पाटी पुढे केली.