गावकऱ्यांना हाक मारणारा कर्णा

मी एक जुना पत्र्याचा कर्णा आहे. मला वीज लागत नाही, बटण नाही, वायर नाही. माझ्या बारीक तोंडाला ओठ लावायचे आणि बोलायचं. पुढचं मी बघून घेतो. मित्रांनो, माझी गोष्ट गोड नाही. तरी ऐका, कारण ऐकून न घेतल्यामुळे काय होतं, तेच मला सांगायचं आहे.

एका पत्रेवाल्याने तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, वळवून, डाग देऊन मला घडवलं. दवंडी देणाऱ्या एका माणसाने मला विकत घेतलं. तो वारल्यावर त्याच्या बायकोने मला हातात घेतलं. तिला सगळेच मावशी म्हणत, म्हणून मीही मावशीच म्हणतो. तिचा आवाज असा खणखणीत होता, की माझी गरज तिला होती की तिची मला, हे सांगणं कठीण.

आमचा आवडता शब्द एकच, ‘गावकरी’. "गावकऱ्यांनी जनावरं मोकळी सोडू नयेत." "गावकऱ्यांनी मुलांना लस टोचायला शाळेत आणावं." "एक चष्मा सापडलाय, ज्या गावकऱ्याचा असेल त्याने ओळख पटवून न्यावा." त्या चष्म्यासाठी निम्मं गाव लोटलं, आणि ज्याचा होता तो मात्र भलत्याच कचेरीत जाऊन बसला, कारण बिचाऱ्याला दिसतच नव्हतं. तेव्हा ‘गावकरी’ म्हटलं की दारं उघडायची, चुलीवरचं उतरवून बायका बाहेर यायच्या. मला त्याचा फार गर्व होता, उगाच कशाला लपवू?

मग गाव वाढलं. टेकडीवर नवी घरं झाली. टेकडीवरचे म्हणू लागले, "गावकरी म्हणजे ते खालचे." खालचे म्हणू लागले, "हे वरच्यांना सांगतायत, आपल्याला नाही." बाजारातले स्वतःला दुकानदार म्हणवत आणि खुशाल गिऱ्हाईक बघत. मी ‘गावकरी’ म्हणायचो आणि जो तो शेजारच्याच्या दाराकडे बघायचा. पुढे कचेरीच्या छपरावर विजेचा भोंगा बसला. तो सकाळ-संध्याकाळ तोच शब्द ओरडून ओरडून लोकांचे कान किटवू लागला. मावशीने मला घरी नेलं आणि डब्यात धान्य ओतायला नरसाळं म्हणून वापरलं. ज्याने गाव गोळा केलं त्याच्या पोटातून आता ज्वारी जात होती.

एके दिवशी दुपारी पाणी सोडणारा माणूस धापा टाकत आमच्या दारात आला.

"मावशी, टाकीत डासांच्या औषधाचा डबा पडलाय. पाणी सोडून झाल्यावर दिसला. नळ बंद केले मी, पण घरोघरी भरून झालंय. भोंगा बंद आहे, सकाळपासून वीज नाही. काहीतरी करा हो!"

मावशीचा चेहरा पांढरा पडला. तिची एकुलती एक लेक गावाच्या दुसऱ्या टोकाला, शेवटच्या गल्लीत राहत होती. नुकतीच बाळंत झालेली. अंगावर पाजणाऱ्या बाईला सारखी तहान लागते, हे मावशीला सांगायला कोणी नको होतं. ती सरळ पळत सुटली असती तर लेकीकडे लवकर पोचली असती. पण वाटेत सगळ्या गावाची दारं होती. तिने मला ओढून घेतलं, माझ्यातली ज्वारी जमिनीवर सांडली आणि आम्ही निघालो.

"गावकरी मंडळी, ऐका! नळाचं पाणी पिऊ नका! पाण्यात विषारी औषध पडलंय!"

पहिल्या गल्लीत कोणी मान वर केली नाही. ओट्यावर निवृत्त मास्तर पाण्याचा पेला हातात धरून पेपर वाचत होते. ‘गावकरी’ ऐकताच ते म्हणाले, "आली पाणीपट्टी," आणि पान उलटलं. पुढचे शब्द त्यांच्या कानावरून नुसतेच गेले. शेजारची बाई हंड्यातून पाणी काढत राहिली. मावशी पुन्हा ओरडली, आणखी मोठ्याने. इतकी वर्षं ज्या शब्दावर मी जगलो, त्या शब्दात कोणीच राहत नव्हतं.

तेव्हा मावशीने तो शब्द सोडला.

"अहो मास्तर! तो पेला खाली ठेवा आधी! वहिनी, हंडा ओता! शिंपीदादा, तुमच्या पोराला सांगा, पाण्याला हात लावू नको म्हणावं! बेकरीवाले, कणीक फेका ती!"

आणि मित्रांनो, डोकी बाहेर आली. मास्तरांच्या हातातून पेला पडला. हंडे पालथे होऊ लागले, गटारं वाहू लागली. ज्याला हाक पोचली तो आपल्या माणसांना सांगायला धावला. पण असं एकेकाला हाक मारत जायचं म्हणजे वेळ लागतो. मावशी एकेक दार घेत होती आणि शेवटची गल्ली होती तिथेच होती. तिचा आवाज चिरकला, मग घोगरा झाला, मग माझ्यातून नुसती हवा येऊ लागली. लेकीच्या दारात तर तिला शब्दच फुटेना. तिने मला दारावर आपटलं, पुन्हा पुन्हा आपटलं. माझी कड चेपली, मला त्याचं काही वाटलं नाही.

दार नुसतं लोटलेलं होतं. लेक भिंतीला टेकून बसली होती, घामाने निथळत, बाळ मांडीवर. शेजारी तांब्या रिकामा होता.

"आई," ती कशीबशी म्हणाली, "तुझा आवाज येत होता गं मघाशी. मला वाटलं, गावकऱ्यांना सांगतेयस काहीतरी."

आमच्या मागोमाग धावत आलेल्या शिंपीदादाने तिला उचललं, मास्तरांनी बाळ घेतलं. दवाखान्यात तिला आत नेलं आणि दार लागलं. मावशी बाहेर बाकावर बसली, मी तिच्या मांडीवर. संध्याकाळ झाली. ती नुसती मला गच्च धरून होती. मला एवढंच वाटत होतं, की माझ्यात आवाज असता तर मी त्या दारातून आत एकच हाक मारली असती.

दार उघडून नर्स म्हणाली, "पेशंटचे नातेवाईक कोण आहेत? नातेवाइकांनी आत यावं."

मावशी हलली नाही. नर्सने पुन्हा विचारलं. मावशीने शेजारच्या बाकाकडे पाहिलं, तिथे बसलेल्या माणसांकडे पाहिलं. ती नजर मी गावातल्या प्रत्येक दारात पाहिली होती.

नर्स जवळ आली, खाली वाकली आणि मावशीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आई, चला. ती तुम्हाला विचारतेय."

मावशी इतक्या झटक्यात उठली की मी मांडीवरून पडलो आणि गडगडत बाकाखाली गेलो. अजून तिथेच आहे. मित्रांनो, मला उचललं नाहीत तरी चालेल. पण कोणाला जीव तोडून काही सांगायचं असेल, तर आधी त्याच्याजवळ जा, आणि तो तुमचा कोण लागतो त्या नावाने त्याला हाक मारा.