शपथेवर बटाटे

आर्डिसच्या धाकट्या भावाचं, लायलचं, कुत्रं कोर्टात गेलं होतं. कोर्ट फ्लोरिडात, आर्डिस उत्तर डकोटात. मध्ये अर्धा देश आणि तिचं दुखरं कंबरडं. लायलची काडीमोड घेणारी बायको म्हणत होती, मफिन हे पिल्लू लग्नाचा आहेर म्हणून दोघांना मिळालं. खरं तर लग्नाच्या सात महिने आधी, लायल इथे गावातच बाटलीच्या तळाशी जाऊन बसला होता तेव्हा, आर्डिसनेच ते त्याच्या कोटाच्या खिशात घातलं होतं. त्या इवल्याशा ऊबेने त्याला माणसांत आणलं. आता ते गेलं तर भाऊ पुन्हा बुडणार. खरं सांगू शकणारं माणूस जगात एकच, ती स्वतः.

फोनवरून साक्ष चालेल, असं जजबाईंनी कळवलं. अट एवढीच, की साक्षीदारासमोर नोटरीने बसायचं, ओळख पटवायची आणि शपथ द्यायची.

गावात नोटरी एकच, व्हर्ना टोलेफसन. आणि व्हर्नाशी आर्डिस नऊ वर्षं बोलली नव्हती.

भांडण नव्हतं हं. भांडायला त्या गावात कुणाला येतच नाही. चर्चच्या जेवणात आर्डिसची लेफ्सा, म्हणजे बटाट्याची तलम पोळी, चाखून व्हर्ना एवढंच म्हणाली होती, "वेगळी झालीय." तिकडे 'वेगळी' म्हणजे पाकिटातल्या बटाटा-भुकटीची, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आर्डिस हसली, डबा झाकला. तेव्हापासून दोघी एकाच ओढ्याच्या दोन काठांवरून चालल्या. दिसल्या की मान लववायची, की पुढे.

गुरुवारी दहाला ती व्हर्नाच्या विमा कचेरीत जाऊन बसली. फोन लागला. व्हर्नाने ओळखपत्र मागितलं, चष्म्यावरून पाहिलं.

"तुमचं लायसन्स संपून चार वर्षं झालीत."

कंबर गेल्यापासून आर्डिसने गाडीला हात लावला नव्हता, आणि गावात तिला ओळखपत्र मागणार कोण? नऊ वर्षांचा सूड व्हर्नाच्या ताटात आयता वाढून आला होता.

व्हर्ना फोनकडे वळली. "कागदाची गरज नाही. साक्षीदाराला मी व्यक्तिशः ओळखते. पहिलीच्या वर्गापासून. एकसष्ट वर्षं."

मग तिने शपथ दिली. आर्डिसने पिल्लाची, खिशाची, त्या हिवाळ्याची हकिकत सांगितली. बायकोचा वकील गोड आवाजात म्हणाला, एकसष्ट वर्षांची मैत्रीण समोर बसलीय, खाणाखुणा तर चालल्या नाहीत ना?

"छे हो. आम्ही नऊ वर्षं बोलत नाही."

का, ते त्याने विचारलं, आणि तिला सांगावं लागलं. पलीकडे कुणीतरी खोकलं. जजबाईंना राहवेना.

"आणि होती का हो भुकटी?"

हे तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. आर्डिसने समोर पाहिलं. व्हर्ना खिडकीबाहेर बघत होती, मान ताठ. बटाट्यापायी खोटं बोललं, तर कुत्र्याचं खरं कोण मानणार?

"होती," ती म्हणाली. "मनगट मोडलं होतं. बटाटे कुस्करवत नव्हते."

मग जजबाई म्हणाल्या, "नऊ वर्षं झाकलेलं जी बाई नको त्या माणसासमोर शपथेवर उघडते, तिचं मी ऐकणार. मफिन लायलकडे राहील." फ्लोरिडात कुणीतरी मोठ्याने नाक शिंकरलं. ते लायलचं नाक, आर्डिसने लगेच ओळखलं.

व्हर्नाने शपथेच्या दाखल्यावर शिक्का मारला. तो तिरका पडला.

"मनगट मोडलं, तर मला का नाही बोलावलंस? माझे दोन्ही हात धड होते."

आर्डिसने हातरुमालाची घडी मोडली, परत घातली. "अजून शपथेवरच आहे म्हणून सांगते. तुझी लेफ्सा माझ्यापेक्षा तलम होते."

फोनमधून कोर्टाच्या कारकुनाचा अवघडलेला आवाज आला, "बाई, हेही नोंदीत घ्यायचं का?"

"घ्या," व्हर्ना म्हणाली.