दुखलं तर हात वर करा

आधी तो आरसा काढा हो तोंडातून, मग बोलतो. हां! मी दातांच्या कॉलेजातला सरावाचा पुतळा. पुतळा म्हणजे नुसतं डोकं. रबराचे गाल, प्लॅस्टिकचे दात आणि मान वळवायला कानामागे एक खटका. हात नाहीत, पाय नाहीत, कुरकुर नाही. आमच्या मोठ्या सरांना असा पेशंट भारी आवडतो.

त्यांनी अभ्यासक्रम आखला तोच मुळी माझ्या जिवावर. आधी माझे दात भरून पास व्हायचं, मगच खऱ्या माणसाला हात लावायचा. गुण कशाला? दात नेटका कोरला का आणि वेळेत उरकलं का, एवढ्यालाच.

यात एक पोरगी पार अडकली. हात सफाईदार, पण ड्रिल लावण्याआधी माझ्या कानाशी वाकून म्हणायची, "दुखलं तर हात वर करा हं." मग मध्येच थांबून माझं तोंड बघायची. पोरं तिला गोगलगाय म्हणायची.

"अगं बाई, रबर आहे ते! त्याला हात कुठायत?" सर कपाळ बडवायचे. तोवर वेळ संपायची आणि ती नापास. आता एकच संधी उरली होती, ती हुकली की वर्ष वाया. एकदा माझ्याच गालावर डोकं टेकून रडली बिचारी. मला फार वाईट वाटलं, पण बोलणार कसा? तोंडात कापसाचे बोळे.

वर्गातला 'तुफान' मात्र पहिल्या झटक्यात पास. खऱ्या पेशंटच्या पहिल्याच दिवशी पठ्ठ्याने एका आजोबांचा गाल माझ्यासारखा ताणला, वर मान वळेना म्हणून कानामागे खटका शोधू लागला! आजोबा गळ्यातला कागदी रुमाल न काढताच फाटकाबाहेर.

बोभाटा झाला. सर इरेला पेटले. "माझ्या अभ्यासक्रमात खोट नाही. माझी किडकी दाढ माझा विद्यार्थीच भरेल!" म्हणत माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. तुफान हातमोजे चढवत पुढे आला. सरांना दरदरून घाम फुटला.

"तू थांब रे. त्या... गोगलगायीला बोलवा."

"सर, पण मी नापास आहे ना?"

"हीच तुझी शेवटची परीक्षा समज."

ती त्यांच्या कानाशी वाकली. "दुखलं तर हात वर करा हं, सर." ड्रिल दाढेला टेकतंय न टेकतंय तोच सरांचा हात वर. ती चटकन थांबली.

"दुखलं?"

"नाही गं. थांबतेस का, ते बघितलं."

मग सरांनी डोळे मिटले. वेळ कधीच टळून गेली होती, पण त्यांनी घड्याळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पोरगी पास झाली!

आता पेशंटला विचारण्यालाही गुण आहेत. त्यामुळे जो तो माझ्या कानात ओरडतो, तुफान तर सगळ्यात मोठ्याने. कान किटले माझे.

एवढं केलंत, तर मला एक हातही बसवा की हो. दुखण्यासाठी नको, मला मेल्याला काय दुखतंय? पण ती पोरगी डॉक्टर होऊन निघेल ना, त्या दिवशी मला तो वर करायचाय.